घोडीनं शपथ घेतली नव्हती

नवरदेव पाठीवर असतानाच घोडी खाली बसली.

पडली नाही, बसली. मागचे दोन्ही पाय तिच्या खालून घसरत गेले, ढुंगण जमिनीला टेकलं आणि पुढचे पाय ताठ उभेच राहिले, दारात कुत्रं बसतं ना, तशी. नवरदेव तिच्या पाठीवरून शेपटीकडे घसरत धुळीत उतरला. बँडवाल्यांना काय झालं ते कळलंच नाही, ते आणखी थोडा वेळ वाजवत राहिले.

मला त्या लग्नाचं बोलावणं होतं ते सरकारी माणूस म्हणून. खेड्यात सरकारी माणसाला एक खुर्ची आणि एक सरबताचा ग्लास मिळतो, आणि ते दोन्ही देऊन झालं की त्याच्याकडे कुणी बघत नाही. मी वृंदा घोरपडे, जनावरांची डॉक्टर, कोल्हापूरकडची. पहिलीच नेमणूक मिळाली ती थेट भंडारा जिल्ह्यात, मोहटोल्याला, म्हणजे आमच्या घरच्यांच्या मते पृथ्वीच्या पलीकडे. या गोष्टीला आता तीस वर्षं होत आली.

"ऊठ रंभे, ऊठ माय," घोडीचा मालक तिच्या मानेला मिठी घालून कानाशी बोलत होता. "लोकं पाहून रायले ना."

लोक बघत होतेच. कुणीतरी म्हणालं, "डोमाजी, घोडीले पाजली का हो?" त्यावर हशा पिकला. मुलीचा मामा मात्र हसला नाही. मांडवाच्या दारात घोडी बसली, आता हे लग्न काय धकणार, असं तो ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं बोलला. डोमाजींनी मान वर केली नाही.

डोमाजी निंबार्ते साठीचे, उंच, हडकुळे. पंचक्रोशीत नवरदेवाची घोडी एकट्या त्यांच्याकडे. घर माझ्या दवाखान्याच्या मागेच. मी ग्लास खुर्चीवर ठेवला आणि नव्या साडीची फिकीर न करता घोडीजवळ गुडघे टेकले. ताप नव्हता, जखम नव्हती. मागच्या पायाला सुई टोचली तर तिनं कातडी थरथरवली, म्हणजे तिला कळत होतं. पण मांड्या लाकडासारख्या कडक. खुरांचे पुढचे काठ घासून घासून चपटे झालेले.

"पाय ओढते का ही?" मी विचारलं.

"होळीपासून."

"आणि आणखी काही?"

"शिट्टी वाजवते."

"कोण?"

"घोडी. जराशी पळवली का नरड्यातून शिट्टी येते. लोकायले मजा वाटे. म्हनत, डोमाजी, एक वाजंत्री फुकट."

दोर लावून आठ-दहा जणांनी तिला उठवली. ती उभी राहिली, पण मागचा भाग असा डुलत होता की जणू तो दुसऱ्याच घोडीचा आहे. नवरदेव चालत मांडवात गेला. मी डोमाजींबरोबर त्यांच्या घरी गेले. ते सारा रस्ता रंभेच्या मानेवर हात टाकून चालत होते.

आता हे डोमाजी माझे कोण, ते सांगायला पाहिजे. त्या गावात माझ्याशी बोलणारं ते एकच माणूस होतं. बाकीचे बैल आणायचे, गाय आणायचे, "मॅडम, टोचा" म्हणायचे, आणि टोचलं की चालते व्हायचे. तिथल्या बायका मला पुरुषांत धरायच्या आणि पुरुष बायकांत, त्यामुळे मी कुठल्याच ओसरीवर बसू शकत नव्हते. संध्याकाळी दवाखाना बंद केला की दोन खोल्या, एक स्टोव्ह आणि मी. डोमाजी मात्र रोज संध्याकाळी रंभेला हाताशी धरून यायचे, दवाखान्याच्या पायरीवर पाय लांब करून बसायचे, आणि मी चहा ठेवायची. ते मला 'डॉक्टरीनबाई' म्हणायचे. "मायाबी संधिवात पाहा ना," म्हणायचे, "घोड्याचं इंजेक्शन द्या एखांदं, माणसाचं लागू पडत नाई." मी म्हणायची, माणसाला घोड्याचं टोचलं तर मला तुरुंगात घालतील. मग ते म्हणायचे, "बरंच हाये, तेथी तरी लोकं असतीन तुमच्याशी बोलाले." असा आमचा रोजचा संवाद. मी दिवसभर त्याची वाट बघायची.

घरी पोचल्यावर मी सरळ गव्हाणीकडे गेले.

"काय खाते ही?"

"चांगलं खाते. लाख घालतो तिले."

मी वैतागले. आमच्याकडं प्रत्येक घोडेवाला, प्रत्येक बैलवाला असाच बोलतो, जनावरावर लाख उधळले म्हणून. "लाखाचं राहू द्या हो डोमाजी, खायला काय घालता ते सांगा."

"लाखच घालतो ना."

"अहो, पैसे नव्हे, दाणा."

"दानाच तं सांगून रायलो. लाख. लाखोरीची डार." तिकडं 'ळ'चा 'र' होतो, डाळीची डार होते. त्यांनी कोपऱ्यातल्या पोत्यात हात घातला आणि मूठ माझ्यापुढं उघडली. करडे, बारके, कोन असलेले दाणे, कुऱ्हाडीच्या पात्यागत एका बाजूनं निमुळते.

लाखोळी. मी ती तोवर फक्त चित्रात पाहिली होती. भाताच्या बांधीत, भात कापायच्या आधीच ओलीवर फेकून देतात, पाणी नसलं तरी येते, कीड लागत नाही. त्या साली तिकडं धान करपलं होतं आणि लाखोळी तेवढी आली होती. कॉलेजात आमचे एक सर सांगायचे, ही डाळ घोड्याला सगळ्यांत वाईट, घोडा आधी घशातून वाजतो आणि मग मागून बसतो. तेव्हा आम्ही हसलो होतो.

"किती घालता?"

"औंदा लग्नं कोठी झाली? चना परवडते का? दोन्ही टाइम हेच."

मी त्यांना गव्हाणीशी बसवलं आणि सांगितलं. "डोमाजी, या डाळीत एक विष असतं. कधीमधी खाल्ली, भाताबरोबर खाल्ली, तर काही होत नाही. पण दोन्ही वेळा, महिनोन्‌महिने, दुसरं काही नसताना पोटात गेली की ते विष मेंदूत आणि पाठीच्या कण्यात जातं. तिथं बारक्या बारक्या पेशी असतात, त्या पायांना हुकूम सोडतात. उचल, टाक, वाक. हे विष त्यांना नुसतं चेतवत राहतं. थांबूच देत नाही. शेवटी त्या चेतून चेतून मरतात."

"म्हंजे बैल दमला तरी आर टोचतच राहाची, तसं."

"तसंच. पाय चांगले आहेत तिचे. हुकूम देणारे गेले."

"पुन्हा येत नाई ते?"

"नाही. डाळ थांबवली तर आणखी बिघडणार नाही. पण गेलेलं येत नाही."

डोमाजी म्हणाले, "पानी पाजतो तिले," आणि भिंतीला धरून उठले.

रांजण अंगणाच्या दुसऱ्या टोकाला होता. घोडी इकडं बांधलेली. म्हणजे मधल्या अंगणात त्यांना धरायला काही नव्हतं, आणि मी त्यांना पहिल्यांदा एकटं चालताना पाहिलं. टाच जमिनीला लागतच नव्हती. चवड्यांवर, ताठ, गुडघा गुडघ्यावर घासत, एक पाय दुसऱ्याच्या पुढ्यात येऊन आडवा होत होता. त्यांच्या चपला दारात होत्या. मी उलट्या करून पाहिल्या. पुढचा भाग झिजून भोक पडलेलं आणि टाच दुकानातून आणली तशी.

इतके महिने संधिवात म्हणून हा माणूस माझ्यासमोर बसत होता, आणि येता-जाता घोडीच्या अंगावर भार टाकून चालत होता. घोडी म्हाताऱ्याला सांभाळत होती आणि गाव म्हणत होतं, काय जीव आहे याचा घोडीवर.

"डोमाजी, तुम्ही काय खाता?"

"मी? एकाच गंजात शिजवतो ना. अर्धं तिले, अर्धं मले. एकट्या माणसानं किती गंज घासाचे?"

"उकळलेलं पाणी फेकून देता ना?"

"पानी कायले फेकाचं? मायी बायको फेकत होती. दोन-दोनदा फेके. मी म्हनो, सारा कस फेकून देते ही बाई. आता मी पानीबी पेतो. तिलेबी पाजतो."

त्यांची बायको जाऊन तेव्हा पाचेक वर्षं झाली होती. स्वयंपाक तिनं कधी करू दिला नाही, आणि विष पाण्यात उतरतं म्हणून ते फेकायचं हे तिलाही तिच्या आईनं सांगितलं नसेल, फक्त फेकायला शिकवलं असेल. मी म्हटलं, "आजपासून बंद. हे पोतं उद्या तलावात टाकायचं. तुमचा संधिवात नाही तो. घोडीला झालं तेच तुम्हाला झालंय."

डोमाजी हसले. मला वाटलं होतं घाबरतील.

"नाई, डॉक्टरीनबाई. घोडीचं असन डारीनं. मायावालं येगळं हाये. अन् हे पोतं मी टाकत नाई. मायी लेक धाडते ते."

लेक आहे हे मला माहीतच नव्हतं. रोज संध्याकाळी बोलणारा माणूस, गावातल्या प्रत्येक बैलाची वंशावळ सांगणारा, आणि लेकीचं नाव कधी काढलं नाही.

"पुस्तकला," ते म्हणाले. "नाव पुस्तकला, अन् शाळेत दोन सालं गेली नाई. तलावाच्या पल्याड पिंपळटोलीच्या पोरासंगं गेली. जात येगळी. माह्या घरात तेव्हा लई आग झाली. तिनं निरोप धाडला, बाबा, घरी येऊन जा. मी चावडीवर उभा रायलो अन् चार लोकायसमोर बोललो, तिच्या उंबऱ्याच्या आत पाय टाकीन तं दोन्ही पाय लुळे पडो मायेवाले."

"मग गेलात?"

"नाई गेलो. दहा वरसं झाली. तिची माय मेली तेव्हा ते आल्ती, मी तोंड फिरवून बसलो. पन तेव्हापासून तिले वाटते, बुढा काय खात असन. दरसाल पोतं धाडते. मोटारीच्या टपावर. निरोप नाई, काई नाई, नुसतं पोतं. मी दुसरी डार घरात आनली नाई तेव्हापासून."

"पण तुम्ही गेला नाहीत ना तिच्याकडं? मग शपथ कशी लागेल?"

"मनानं गेलो ना." ते आता माझ्याकडं बघत नव्हते. "रोज गेलो. रोज संध्याकाळी तुमच्या पायरीवर येऊन बसतो, ते कायले? तेथून पिंपळटोलीचा रस्ता दिसते. पार तलावाच्या पारीपर्यंत दिसते. बसल्या बसल्या मी तिच्या घरात जाऊन येतो. देवानं तेबी धरलं. मनातल्या चालन्याची शिक्षा देल्ली त्यानं."

मला लागलं ते. खोटं कशाला सांगू. माणसाचे पाय जात होते आणि मला काय लागलं, तर हा माझ्यासाठी येत नव्हता. माझा चहा प्यायचा, माझ्याशी दोन शब्द बोलायचा, आणि बघायचा तो रस्ता. लागलं की माझी जीभ सुटते, ती तेव्हाही सुटली.

"बरं," मी म्हटलं. "तुमचे पाय शपथेनं गेले. मग घोडीनं कुठली शपथ घेतली होती?"

त्यांनी रंभेकडं पाहिलं. ती मागचे पाय पसरून, कमरेतून हलत उभी होती. माशा बसल्या होत्या आणि त्या हाकलायला तिला पाय उचलता येत नव्हता. मी मात्र थांबले नाही.

"आणि लेक काय खाते तुमची? तुम्हाला पोतं पाठवते म्हणजे तिच्या घरातही हेच असणार. यंदा धान कुणाचं झालंय? मुलं आहेत ना तिला?"

"दोन."

"ती काय खात असतील?"

"जा तुमी आता," डोमाजी म्हणाले.

"तिला सांगायला पाहिजे."

"तुमी सांगा. तुमी सरकारी हा, तुमचं आयकन ते."

"सरकारी लोक येऊन सांगून गेलेत, डोमाजी. लाखोळी खाऊ नका म्हणून भिंतीवर लिहून गेलेत. कोण ऐकतं? सगळे म्हणतात, आमचा बाप खात होता, आजा खात होता. मी सांगितलं तर तीही तेच म्हणेल, आणि माझ्याकडं दाखवायला काय आहे? दाखवायला तुमच्याकडं आहे."

"जा म्हनलं ना."

मी गेले.

त्यानंतर डोमाजी आले नाहीत. मी रोज संध्याकाळी चहाचं आधण ठेवायची, दोन कपांचं, आणि एकटीच पायरीवर बसून दोन्ही प्यायची. पायरीवरून पिंपळटोलीचा रस्ता खरंच दिसत होता. इतके महिने मी तिथं बसले आणि मला तो रस्ता म्हणून कधी दिसला नव्हता, मला आपलं झाडं आणि धूळ दिसायची. सकाळी मी रंभेला बघायला त्यांच्या घरी जायची. ते गवत टाकत असायचे. गव्हाणीत लाखोळी नव्हती, कोंडा होता, हे मी बघून घेतलं. एवढं तरी ऐकलं म्हातार्‍यानं. आमच्यात बोलणं नव्हतं. "उभी राहते का?" "रायते." एवढंच. त्या दिवसांत मला घरची इतकी आठवण आली की मी बदलीचा अर्ज लिहायला घेतला, आणि कुणाच्या नावानं लिहायचा तेच कळेना म्हणून फाडून टाकला.

मग एका सकाळी ते काठी टेकत दवाखान्यात आले. डोक्याला घोडी घेऊन लग्नाला जाताना बांधायचे तो गुलाबी फेटा, काखेत एक पिशवी.

"गाडी चालू हाये ना तुमची?"

माझी मोपेड होती, तीही चढावर मला उतरवून चालायची. पण मी काही बोलले नाही. त्यांना गाडीवर टांग टाकता येईना, पाय फाकतच नव्हते. शेवटी बायका बसतात तसे एका बाजूला बसले, पिशवी मांडीवर घेऊन. "पाहा," म्हणाले, "घोडीवाला डोमाजी बाईच्या मागं बाईवानी बसून चालला." मी म्हटलं, पाय वर धरा, नाहीतर चाकात जातील. पिशवीत काय आहे विचारलं तर म्हणाले, "कनकी. तांदुळाची. लेकीच्या घरी खाली हातानं जाते का कोनी?"

तलावाच्या पारीवर, म्हणजे बांधावर, आलो तेव्हा ते म्हणाले, "येवढं दूर नोहोतं वाटत."

पुस्तकलाचं घर गावाच्या टोकाला, मातीच्या भिंतींचं. नवरा तलावावर गेला होता. ती अंगणात सूप घेऊन बसली होती आणि सुपात तेच करडे दाणे होते. जवळ एक आठ-नऊ वर्षांची मुलगी, आणि एक धाकटा पोरगा उघडा फिरत होता. मोपेड थांबली तशी ती उठली. बापाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, पुन्हा बापाकडं. डोमाजी गाडीवरून उतरून काठीवर उभे राहिले. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील, बाई गं म्हणतील, रडतील.

ते म्हणाले, "उकडल्यावर पानी फेकते का तू?"

"कोनतं पानी?"

"डारीचं."

तिनं सूप खाली ठेवलं. "दहा वरसानं आले बाबा, अन् हे इचाराले आले?"

"फेकते का?"

"पयले फेको. औंदा धानच नाई झालं, पानी फेकून पोट कायनं भरन? पोरं पानीच पेतात. काहून?"

"ते डार नको खाऊ."

तिचा चेहरा लाल झाला. "काहून नको खाऊ? आमच्या घरची हाये म्हनून? तुमाले धाडली ते गोड लागली, खाल्ली. अन् आता मोटारीवर बसून नावं ठेवाले आले. आमी गरीब हाओ, दुसऱ्या जातीत गेलो, आमची डारबी वाईट झाली का आता?"

"तसं नाही हो ताई," मी मध्ये पडले. "त्या डाळीत..."

डोमाजींनी हातानं मला थांबवलं. "तुमी नका बोलू." त्यांनी काठी माझ्या हातात दिली. "पुस्तकला, हे पाह्य."

आणि ते चालायला लागले. काठीशिवाय, घोडीशिवाय. अंगणाच्या टोकाला मोहाचं झाड होतं तिथवर, आणि परत. दोन्ही हात पसरलेले, टाचा वर, गुडघे एकमेकांवर घासत, पाय एकमेकांच्या आडवे येत. झाडाजवळ वळताना ते पडता पडता राहिले. मी पुढं झाले तर त्यांनी डोळे वटारले. धाकटा पोरगा टाळ्या पिटून हसायला लागला, त्याला वाटलं कुणीतरी सोंग दाखवतंय. "कोंबड्यावानी चालते, माय, कोंबड्यावानी."

मुलगी हसली नाही. ती आईच्या लुगड्याला धरून बघत होती. ती म्हणाली, "माय, मायाबी पोटऱ्या राती अशाच ओढतेत."

पुस्तकलानं पोरीकडं पाहिलं. मग माझ्याकडं. "पोरगी म्हने," ती हळू बोलली, "रोज म्हने. मी म्हनो वाढीचं दुखनं हाये."

मी त्या मुलीला खाटेवर बसवलं. जनावरांची डॉक्टर असले तरी गुडघा तो गुडघाच. बोटानं ठोकलं तर पाय नको इतका उडाला. पण उभी केली तर टाच टेकत होती. चालवली, नीट चालली. पोराला पळवलं, तो तर पळतच सुटला. माझ्या जिवात जीव आला आणि मी पुस्तकलाला सगळं सांगितलं, डोमाजींना सांगितलं होतं तसंच. आज थांबवलं तर पोरगी वाचेल, इथून पुढं जाणार नाही. पण उद्या-परवा नाही, आज. आणि तिला जिल्ह्याच्या दवाखान्यात माणसांच्या डॉक्टरकडं न्यायचं.

"अन् बाबाचं?"

"त्यांचं झालं ते झालं. वाढणार नाही."

"मी धाडली ते डार," ती म्हणाली. "माह्या हातानं पाखडून धाडली. खडा येऊ नये म्हनून."

"मी खाल्ली," डोमाजी म्हणाले. "तुनं पाखडली, मी खाल्ली. लई चांगली होती. त्यात काय रडाचं?" आणि पिशवी पुढं केली. "हे घे. कनकी हाये. आज पोरायले भात कर."

ती पिशवी हातात घेऊन नुसतीच उभी राहिली. मग पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "या. आत या."

डोमाजी अंगणातच उभे.

"या ना."

"मी बोललो होतो, पुस्तकला."

"माहीत हाये मले. साऱ्या गावानं येऊन सांगतलं होतं, तुहा बाप काय बोलला ते." ती त्यांच्या पायांकडं बघत होती. "आता कायचं भेव, बाबा? पाय तं गेलेच ना."

डोमाजींनी तिच्याकडं पाहिलं. मग ते दाराशी गेले आणि चौकटीला धरून पाय उचलू लागले. पाय उचलेना. बोटं उंबऱ्याला अडायची, पाय मागं यायचा. पुन्हा उचलला, पुन्हा अडला. मी काठी घेऊन पुढं निघाले होते, पण त्याआधीच पुस्तकला खाली बसली. तिनं बापाचा घोटा दोन्ही हातांत धरला, पाय उचलला आणि उंबऱ्याच्या आत ठेवला. मग दुसरा. ती आत गेली आणि मुलं मागोमाग आत गेली.

मी मोपेडजवळ उभी राहिले. आतून बोलणं ऐकू येत होतं, शब्द कळत नव्हते. चुलीचा धूर निघाला. बऱ्याच वेळानं मुलगी माझ्यासाठी पाण्याचा गडवा घेऊन आली.

"आजानं सांगतलं, रंभेले पानी पाजजा."

"आजा परत कधी येणार आहे, विचार बरं."

ती आत पळत गेली आणि पळतच परत आली. तिचं पळणं बघून मला बरं वाटलं. "माय म्हनते, नाई येत आता ते. रंभेलेच बैलबंडीत घालून आनू म्हनते चार दिवसानं."

मी एकटी परत निघाले. माझं काम झालं होतं, पोरगी वाचणार होती, मला आनंद व्हायला पाहिजे होता आणि तो झालाही. पण पारीवर आल्यावर मी गाडी थांबवली आणि रडून घेतलं, कारण उद्या संध्याकाळी पायरीवर कुणी येणार नव्हतं हे मला कळलं होतं.

डोमाजींच्या अंगणात रंभा पाय पसरून उभी होती. माझी पावलं ऐकून तिनं कान टवकारले, मग मी आहे हे बघून पुन्हा पाडले. मी रांजणातून बादली भरली आणि तिच्यापुढं ठेवली. "डोमाजी नाहीत गं आज," मी तिला म्हटलं. "लेकीकडं राहिलेत. भात आहे तिकडं आज." मग आमच्या कोल्हापूरचं सांगितलं, आमच्या गल्लीतलं, आई कशी कपाळाला हात लावून 'पोरगी पृथ्वीच्या पलीकडं गेली' म्हणते ते सांगितलं. बादली रिकामी झाली तरी मी बराच वेळ तिच्याशी बोलत तिथंच बसले होते.